फ्लॅट सजवताना जुलै महिना डोळ्यासमोर ठेवा

म्हापशाहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं इथे देते:

"मिस्टर रिटायर झाल्यावर आम्ही पर्वरीला टू बीएचके घेतला, तिसरा मजला, लिफ्ट आहे, गॅलरीतून मांडवीचा थोडासा पट्टा दिसतो. मुलगा दुबईला सेटल झालाय, परत येईल असं वाटत नाही, म्हणून फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलंय. एजंट म्हणतो कामानिमित्त आलेले फॉरेनर ठेवा, वर्ष दोन वर्षं राहतात, भाडंही वेळेवर येतं. मे महिन्यात एक जर्मन जोडपं बघून गेलं, आम्ही घरातला जुना पलंग, जुना सोफा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या सगळं तिथे नेऊन ठेवलं होतं, ते दहा मिनिटांत खाली उतरले आणि परत फोनच नाही. आता एका इंटिरियरवाल्याने ११ लाखांचं कोटेशन दिलंय, फॉल्स सीलिंग, ग्लॉसी लॅमिनेट, एलईडी पट्ट्या, रेक्झिनचा एल शेप सोफा. आमच्याकडे ६ लाख आहेत, बाकीचं लोन काढायचं का? आणि सासूबाईंचं शिसवी कपाट आहे, ते तिथे ठेवलं तर शोभा येईल का?"

ताई, लोन काढू नका आणि त्या कोटेशनवर सहीही करू नका. ६ लाखांत तुमचा फ्लॅट छान तयार होईल.

इंटिरियरवाल्याने सजवलेला फ्लॅट डिसेंबरमध्ये फोटो काढायला मस्त दिसेल. पण तुमचा भाडेकरू डिसेंबरपुरता येणार नाहीये, तो वेर्णाच्या कुठल्यातरी कंपनीत कामाला असेल किंवा घरूनच परदेशातलं काम करत असेल, त्याची बायको असेल, एखादं पोर असेल, आणि ही माणसं जून, जुलै, ऑगस्टसुद्धा तिथेच काढणार आहेत. गोव्यात वर्षाला साधारण ३ मीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. आपण ह्यातच वाढलो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कपाटात डांबर गोळ्या टाकतो, आठवड्याने चादरी झटकतो, ऊन पडलं की गाद्या गॅलरीत. ज्याने हे कधी बघितलंच नाही त्याला कोण सांगणार.

माझाच अनुभव सांगते. करंजाळ्याला आमचा एक फ्लॅट आहे, समुद्र पाच मिनिटांवर, २०१६ साली पहिल्यांदा एका फ्रेंच बाईंना दिला. मी हौसेने भिंतभर वॉर्डरोब करून घेतलं होतं, पांढरं शुभ्र, एकदम चकाचक, आतून मात्र पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, कारण सुताराने सांगितलं की बाहेरून काय फरक कळत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला, या म्हणाल्या. गेले तर हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरलेला आणि त्यावर त्यांचे चामड्याचे बूट, दोन हँडबॅगा आणि एक लोकरी कोट ओळीने मांडलेले. बुटांवर हिरवट पांढरी बुरशी, अगदी पिठी साखर भुरभुरावी तशी, आणि कोटाची कॉलर हाताला ओली. कपाटाचा खालचा फळा पाणी पिऊन फुगला होता, दार लागतच नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, हा कोट माझ्या आईचा होता. ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, त्या बाईंचा काही दोष नव्हता, हे सगळं मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम, आत्ता पाऊस चालू आहे ना, उद्याच पर्वरीला जा आणि प्रत्येक खोलीच्या भिंतींवर हात ठेवून बघा. विशेषतः पश्चिमेकडची भिंत, खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. कुठे गार, ओलसर लागलं, रंग फुगलाय, पोपडे आलेत तर खडूने खूण करा आणि फोटो काढून ठेवा. हे उन्हाळ्यात कळणार नाही. वॉटरप्रूफिंग पाऊस संपल्यावर, भिंत पूर्ण सुकली की करायचं, बाहेरच्या भिंतीचं असेल तर सोसायटीशी बोलावं लागेल, पण ते झाल्याशिवाय एक खिळासुद्धा ठोकू नका. ओल्या भिंतीला वॉर्डरोब चिकटवलं की संपलं. आणि फॉल्स सीलिंगचं तर नावच नको, वरच्या फ्लॅटमधून थोडं जरी पाणी झिरपलं तरी पीओपीवर पिवळा डाग येतो आणि मग नुसतं मूळ शोधायला अर्धं सीलिंग फोडायचं.

आता वॉर्डरोब, कारण पैसे खरे इथे घालायचेत. सुताराला सांगायचं प्लाय मरीन ग्रेडचा, म्हणजे बीडब्ल्यूपी, उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आणि शीटवर आयएस ७१० हा मार्क तुमच्या डोळ्यांनी बघायचा. बीडब्ल्यूआर म्हणजे आयएस ३०३ त्याच्या खालचा, तो हॉलच्या टीव्ही युनिटला चालेल, किचनला आणि वॉर्डरोबला नको. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ कुठेच नको. वॉर्डरोब जमिनीवर टेकवू नका, चार इंच उचलून घ्या, भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा, मागे हवा खेळली पाहिजे, आणि दारांना लूवर म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची जाळी करून घ्या. सुतार कुरकुरेल, म्हणेल धूळ जाते. जाऊ दे धूळ, पुसता येते. बिजागरी, कड्या, हँडल सगळं स्टेनलेस स्टीलचं, ३०४ ग्रेड पर्वरीला पुरे, ज्यांचा फ्लॅट अगदी किनाऱ्याला आहे कांदोळी, मोरजीसारखा त्यांनी ३१६ शोधावं कारण खाऱ्या वाऱ्यात ३०४ वरसुद्धा तपकिरी ठिपके येतात.

आणि एक डीह्युमिडिफायर घ्या. हे यंत्र हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करतं, पावसाळ्यात बंद बेडरूममध्ये रात्रभर लावलं तर सकाळी टाकीत दोन तीन लिटर पाणी सहज मिळतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला विश्वास बसला नव्हता की एवढं पाणी आपण श्वासात घेत होतो. एका बऱ्या सोफ्यापेक्षा स्वस्तात येतं. माझ्या फ्लॅटमध्ये आता एक आहे आणि नंतरच्या प्रत्येक भाडेकरूने सोडून जाताना त्याचाच उल्लेख केलाय, सोफ्याचा कुणी केला नाही.

रेक्झिनच्या सोफ्यावरून आठवलं, रेक्झिन किंवा लेदरेट गोव्याच्या दमट हवेत दोन तीन वर्षांत सोलवटतं, वरचा थर पापुद्रे निघावेत तसा सुटतो आणि घामेजलेल्या पायांना चिकटतो. वेताचा किंवा लाकडी फ्रेमचा सोफा घ्या, वर सुट्या गाद्या, त्यांना चेनवाली सुती कव्हरं, दोन सेट शिवून घ्या म्हणजे एक धुवायला टाकला तरी चालतं. अंगणात जुन्या पद्धतीची लांब हातांची आरामखुर्ची असते ना आपल्याकडे, तशी एक मिळाली तर गॅलरीत ठेवा, संध्याकाळी मांडवीचा पट्टा बघत बसायला. परदेशी माणूस बसायला जागा शोधतो ती खिडकीजवळ किंवा गॅलरीत, आपण मात्र गॅलरीत वॉशिंग मशीन, बादल्या आणि जुनी सायकल ठेवतो. ती गॅलरी रिकामी करा, निम्मं काम तिथेच होईल.

पलंगाचं नीट ऐका. आपला साधा डबल बेड सव्वासहा फुटी असतो, उंच माणसाचे पाय बाहेर लोंबतात, आणि पायाकडे नक्षीची फळी असली तर पाय लोंबवायचीसुद्धा सोय नाही. मास्टर बेडरूमला ७२ बाय ७८ इंच, दुसऱ्या खोलीला ६० बाय ७८ पुरे, पायाकडे फळी नको. खाली स्टोरेजवाला बॉक्स बेड नको, त्या पेटीत पावसाळ्यात हवा अडकते आणि गादीला खालून बुरशी लागते, पायांवर उभा असलेला उघडा पलंग घ्या, झाडूही खालून जातो. गादी काथ्याची कडक नको, मध्यम फोमची घ्या आणि वर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर. आपल्याला कडक गादीवर झोपायची सवय, त्यांची पाठ दुखते.

इलेक्ट्रिशियनला मात्र पेंटरच्या आधी बोलवा, उलट करू नका. युरोपातले दोन गोल पिनचे चार्जर आपल्या सॉकेटमध्ये जातात पण सैल बसतात, ठिणग्या उडतात, ब्रिटिश चौकोनी पिन तर जातच नाही. म्हणून पलंगाच्या दोन्ही बाजूंना, कामाच्या टेबलापाशी आणि किचन ओट्यावर सगळ्या देशांच्या पिन घेणारे, शटरवाले चांगल्या कंपनीचे सॉकेट बसवा. व्होल्टेजचंही एका कागदावर लिहून ठेवा, आपल्याकडे २३०, अमेरिकेहून आणलेला हेअर ड्रायर किंवा मिक्सर ११० वर चालणारा असतो, इथे लावला की जळतो, लॅपटॉप फोनचे चार्जर बहुतेक दोन्हींवर चालतात. प्रत्येक बेडरूमला एसीचा वेगळा पॉइंट, किचनमध्ये ओव्हनसाठी १५ ते १६ अँपिअरचा पॉइंट, आणि अर्थिंग तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगींमध्ये कितीदा नुसती वायर लोंबत असते. इन्व्हर्टर हवाच, पहिल्याच पावसात वीज कशी जाते ते मी तुम्हाला काय सांगू, पण त्यावर फॅन दिव्यांसोबत इंटरनेटचा राउटरही जोडायला सांगा. घरून काम करणाऱ्या माणसाला दोन तास फॅन नसला तर चालतं, मीटिंगच्या मध्येच नेट गेलं तर चालत नाही. फायबर कनेक्शन तुम्ही आधीच घेऊन ठेवा. दुसऱ्या बेडरूममध्ये खिडकीशी एक साधं टेबल, साधारण २९ ते ३० इंच उंच आणि चार फूट रुंद, आणि पाठीला आधार देणारी बरी खुर्ची. माझ्या मते हे टेबल टीव्हीपेक्षा महत्त्वाचं आहे.

बाथरूममध्ये अंघोळीची जागा काचेच्या पार्टिशनने वेगळी करा, ओली आणि कोरडी जागा वेगळी असली की ते खूश होतात. शॉवरचा पाइप जरा वर घ्या, सात फुटांच्या आसपास. आणि प्रेशर बघा, टाकी तुमच्या डोक्यावर एक दोन मजलेच वर असेल तर शॉवर नुसता टपकतो, छोटा प्रेशर पंप लावावा लागेल. जेट स्प्रे असू द्या, टॉयलेट पेपरचा होल्डरही लावा, तोही भिंतीला अशा ठिकाणी की शॉवरचं पाणी उडणार नाही.

पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर बार्देशच्या बऱ्याच भागाला अस्नोड्याच्या प्लांटचं पाणी येतं, ते जड नाही, त्यामुळे आरओची गरज बहुतेक पडत नाही, यूव्हीचा फिल्टर पुरतो आणि पाणी वाया जात नाही. पण बिल्डिंगला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर आधी टेस्ट करून घ्या. पर्वरीला एप्रिल मे मध्ये पाण्याची ओढाताण होते हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, एक ५०० लिटरची जादा टाकी जमली तर बघा.

किचनमध्ये फार काही नको. ओटा आहे तो राहू द्या. इंडक्शन शेगडी, ओटीजी म्हणजे छोटा ओव्हन, फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, सहा सहा ताटं वाट्या ग्लास, दोन धारदार सुऱ्या, चॉपिंग बोर्ड, कॉफीचं साधं भांडं. कुकर ठेवा पण वापरायचा कसा ते दाखवा. गॅस तुमच्या नावावर असेल तर सिलेंडर कसा मागवायचा ते मिस्टरांनी हाताळावं, परदेशी माणसाला नवीन कनेक्शनचे व्याप नकोसे होतात, म्हणून तर इंडक्शन. कपडे वाळत घालायला छताला दोऱ्यावर वर खाली होणारं स्टँड, कारण जुलैत गॅलरीत काहीही वाळत नाही. आणि सगळ्या खिडक्यांना डासांची जाळी, सरकणारी. माझ्याकडे एका भाडेकरूला डेंग्यू झाला होता, तेव्हापासून जाळी लावल्याशिवाय मी कुणाला चावीच देत नाही.

शोभेबद्दल तुम्ही कपाटापुरतंच विचारलंत, पण बाकीचंही सांगते, कारण तिथेही लोक फसतात. बुद्धाचा मुखवटा आणि हॉटेलसारखी सोनेरी वॉलपेपर पट्टी नको. शुक्रवारी म्हापशाचा बाजार तुमच्या दारातच आहे, मातीची भांडी, काथ्याची पायपुसणी, विणलेल्या टोपल्या, सगळं तिथे मिळतं. डिचोलीच्या कुंभारांच्या कुंड्या गॅलरीत. कुणबी साडीचं लाल पांढरं चौकडीचं कापड घेऊन उशांचे अभ्रे शिवा, दोन अभ्र्यांनी अख्खा हॉल उजळतो. भिंती पांढऱ्या किंवा हलक्या पिवळ्या, बुरशीरोधक रंग, पडदे सुती आणि बेडरूमला मागून काळं अस्तर, आपल्याकडे उन्हाळ्यात सहालाच उजाडतं. कार्पेट अजिबात नको.

कागदपत्रांत आळस नको ताई, इथे मी कडक बोलते. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, भरायची असते, लोक त्याला फॉर्म सी म्हणतात, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे, एजंटची नाही. पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी घ्या, व्हिसा कशाचा आहे आणि कधीपर्यंत आहे ते नीट वाचा, टूरिस्ट व्हिसावर आलेला माणूस इथे नोकरी करतोय असं सांगत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. पोलिस स्टेशनला टेनंट व्हेरिफिकेशनचा फॉर्म वेगळा. सोसायटीला लेखी कळवा. करार ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, दर वेळी नवा करायचा. आणि उद्या कुणी म्हणालं की त्यापेक्षा चार चार दिवसांसाठी टूरिस्टना द्या, जास्त पैसे येतात, तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याला १९८२ च्या टुरिस्ट ट्रेड कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. तुम्ही मूळ ठरवलंय तेच बरं आहे.

घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी करा, चमच्यापर्यंत, फोटो काढा, दोघांच्या सह्या. त्याच फाइलमध्ये पावसाळ्याचा एक कागद घाला: चामडं आणि लोकर कपाटात बंद करू नका, डीह्युमिडिफायर रोज किती तास लावायचा, वीज गेली तर कुणाला फोन, प्लंबर कोण, पोदेर म्हणजे पाववाला सकाळी किती वाजता येतो. साध्या इंग्रजीत, मुलाकडून लिहून घ्या. त्या फ्रेंच बाईंना मी हा एक कागद दिला असता तरी बरंच टळलं असतं.

पैशांचा अंदाज ढोबळ असा धरा, वॉटरप्रूफिंग आणि रंग मिळून लाखभर, वॉर्डरोब आणि किचनची कपाटं मरीन प्लायमध्ये दोनेक लाख, इलेक्ट्रिकल, इन्व्हर्टर आणि प्रेशर पंप सव्वा लाखाच्या आत, उरलेल्यात एसी, फ्रिज, मशीन, पलंग, गाद्या, सोफा. एसी एकदम तीन घेऊ नका, बेडरूमचे दोन घ्या, हॉलला नुसता पॉइंट काढून ठेवा. भाव विचारून घ्या, पर्वरी आणि म्हापशात सुतारासुताराचा दर वेगळा.

आता सासूबाईंचं कपाट. शिसवी लाकडाला ह्या हवेचं काही होत नाही, ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त पावसाळे बघून बसलंय, त्यामुळे टिकेल का हा प्रश्नच नाही. पण त्या कपाटावर कुणीतरी गार बिअरचा ग्लास ठेवेल आणि गोल डाग पडेल, एखादं मूल त्याच्या दारावर स्टिकर लावेल. यादीत 'एक कपाट, लाकडी' असं लिहून सही घेता येईल, डिपॉझिटमधून पॉलिशचे पैसेही कापता येतील. तुम्ही पत्रात सगळ्या फर्निचरबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि ह्या एका कपाटासाठी, त्याच्या आतल्या आरशाला गेलेला तडा, सासूबाई त्यात चवथीला गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीची दोरी जपून ठेवायच्या, असं अख्खं पान. ते म्हापशालाच राहू द्या ताई.